कादंबरी आणि तिचा सिनेमा : तुलना कशी करायची, पायरीपायरीने

वर्गातला प्रकल्प असो, वाचनकट्ट्यावरची चर्चा असो की स्पर्धेचा निबंध, कुमारवयीन वाचकांची कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट यांची तुलना बहुतेक वेळा एकाच वळणाने जाते. आधी दोन पानं कथानक. मग सिनेमात काय काय गाळलं त्याची यादी. शेवटी ‘पुस्तकच सरस’. लिहिणाऱ्याने मेहनत केलेली असते, दोन्ही गोष्टींवर त्याचा जीवही असतो, पण मेहनत चुकीच्या जागी गेलेली असते. गाळलेल्या प्रसंगांची यादी हा नुसता कच्चा माल आहे. त्यावर अजून काहीच शिजलेलं नाही.

विचारायचा प्रश्न असा : हा प्रसंग पुस्तकात कोणतं काम करत होता, आणि सिनेमात ते काम आता कोण करतंय? कोणीच करत नसेल, तर त्यामुळे काय अडलं किंवा काय मोकळं झालं? पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाचं उत्तर पुराव्यासकट देता यावं म्हणून आहेत.

नाशिकमधले नववीपासून पदवीपर्यंतचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि छोटे वाचनगट डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. वेळ तीन आठवडे धरा : दोन वाचनाला, एक बघायला आणि लिहायला. शनिवार-रविवारात उरकू पाहणाऱ्यांच्या हातात शेवटी ती यादीच राहते.

## १. जोडी निवडा आणि तिची जात ओळखा

सगळ्या जोड्यांना एकच पद्धत लावायची नसते. निवडण्याआधी आपली जोडी पुढच्यापैकी कुठे बसते ते ठरवा.

एक कादंबरी, एक चित्रपट. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आणि सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला २०१२ साली प्रदर्शित झालेला त्याच नावाचा चित्रपट. पात्रं तीच, काळ तोच, आणीबाणीचा. इथे प्रसंगाला प्रसंग लावून बघता येतं. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी अशीच जोडी घ्यावी.

पात्र उचललेलं, कथा नवी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि २०१७ चा ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट. पुस्तकांतला बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा शाळकरी मुलगा. सिनेमातला बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येणारा तरुण. कथा कोणत्याही एका पुस्तकाची नाही. इथे ‘हा प्रसंग पुस्तकात नव्हता’ असं लिहिण्यात काहीच हशील नाही, कारण कोणताच प्रसंग पुस्तकात नव्हता. इथे पात्राचे गुण मोजायचे : त्याचं धाडस, तोंडाने ‘ट्टॉक’ असा आवाज काढायची त्याची लकब, अनोळखी माणसाच्या मदतीला धावून जाणं. वय वाढल्यावर यातलं काय टिकलं आणि कशाचा अर्थ बदलला, हा विषय. शाळकरी पोराने मोठ्यांच्या भानगडीत नाक खुपसलं की ती गंमत होते, तरुणाने तेच केलं की ती जबाबदारी होते. एवढ्या एका वाक्यावर चांगला लेख उभा राहतो.

एक पुस्तक, दोन चित्रपट. साने गुरुजींची ‘श्यामची आई’, आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट आणि डहाके यांचा २०२३ चा. इथे पुस्तक मधोमध ठेवायचं आणि दोन्ही सिनेमे त्याच्या दोन बाजूंना. दोन सिनेमांची आपसात तुलना शेवटी, तीही एखाद्या पानात. आधीच त्या वाटेला लागलात तर पुस्तक बाजूला पडतं.

परभाषेतली जोडी. सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ ही २००८ ची कादंबरी आणि गॅरी रॉस यांचा २०१२ चा चित्रपट. मुलांनी सिनेमा आधीच पाहिलेला असतो. हे चालतं, मात्र पायरी ४ त्यांच्यासाठी वेगळी आहे.

> सावध : मालिकेतलं मधलंच पुस्तक घेऊ नका. पहिल्या भागात पेरलेलं तिसऱ्यात उगवतं. मधला भाग एकटा वाचणाऱ्याला कोणतं बी गाळलं गेलं ते कळत नाही.

पानांचा अंदाजही आत्ताच घ्या. तीनशे पानांच्या आतलं पुस्तक दोनदा वाचून होतं. पाचशे पानांचं दुसऱ्यांदा कोणी वाचत नाही, आणि सगळं काम दुसऱ्या वाचनात आहे.

## २. साहित्य गोळा करा

- पुस्तकाची एक प्रत, शेवटपर्यंत तीच
- दोनशे पानी आखीव वही, उजवं-डावं पान मिळून एक तक्ता होईल अशी
- चिकटपट्ट्यांचे (स्टिकी नोट्सचे) चार रंग
- पेन्सिल, आणि सेकंद दाखवणारं घड्याळ किंवा मोबाइल
- चित्रपट थांबवत, मागे घेत बघता येईल अशी सोय

प्रत एकच ठेवण्याचं कारण पान क्रमांक. आवृत्ती बदलली की पानं सरकतात. टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयातून, म्हणजे आपल्या सावानातून, आणलेली प्रत परत करून आठवड्याने दुसरी आवृत्ती हातात आली तर आधीचे सगळे आकडे वाया. वहीच्या पहिल्या पानावर प्रकाशन, आवृत्ती आणि वर्ष लिहून ठेवा. वाचनालयाच्या प्रतीवर पेन्सिलसुद्धा लावू नका, पट्ट्या लावा आणि परत देताना काढा.

वाचनालयात शोधताना एक लक्षात ठेवा. मराठीत या वयोगटाचं वेगळं कपाट सहसा नसतं. ‘शाळा’ मोठ्यांच्या कादंबऱ्यांत मिळते, फाफे (फास्टर फेणे) बालविभागात. दोन्हीकडे विचारा.

अनुवाद वाचत असाल तर ते वहीत ठळक लिहा. मराठी अनुवाद आणि इंग्रजी सिनेमा समोरासमोर ठेवले की मध्ये तिसरं माणूस येतं, अनुवादक. संवाद बदलला असं वाटलं तर तो पटकथेने बदलला की अनुवादाने, हे मूळ पान काढून बघितल्याशिवाय सांगू नका. सगळं मूळ पुस्तक वाचायची गरज नाही. तुम्ही ज्या चार-पाच प्रसंगांवर लिहिणार तेवढीच मूळ पानं पुरतात.

> तपासा : सिनेमाची प्रत पूर्ण आहे का? सुरुवातीला दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर चित्रपटाची लांबी लिहिलेली असते. तुमच्या प्रतीची लांबी त्याच्याशी जुळवा. टीव्हीवरून घेतलेल्या प्रतींत कात्री लागलेली असते, आणि मग वाहिनीने कापलेला प्रसंग दिग्दर्शकाच्या नावावर लागतो.

गटाने घरी बसून बघणं वेगळं. सभागृह घेऊन जाहीर खेळ लावायचा असेल तर हक्कधारकाची परवानगी आधी घ्या.

## ३. दोनदा वाचा, दुसऱ्यांदा हात चालवत

पहिलं वाचन सलग, वही बंद ठेवून. पट्टीसुद्धा लावायची नाही. वाचक म्हणून आपल्याला कुठे हसू आलं आणि कुठे पान उलटवेना, हे पहिल्याच वाचनात कळतं. तेव्हाच पेन्सिल हातात असेल तर आपण वाचक राहत नाही, तपासनीस होतो.

दोन दिवस जाऊ द्या. मग दुसरं वाचन, चार रंगांनी :

- पिवळा : बाहेर काहीतरी घडतं
- निळा : फक्त मनात घडतं
- हिरवा : पुढे उपयोगी पडणारी गोष्ट पेरली जाते
- गुलाबी : निवेदकाची भाषा, एखादा खास शब्द, लकब

रंगांचं प्रमाण बघूनच पुस्तकाबद्दल बरंच कळतं. ‘शाळा’मध्ये निळ्या आणि गुलाबी पट्ट्या भरपूर लागतील, कारण मुकुंद जोशी सगळं स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि त्याच्या बोलण्यात नववीतल्या पोरांची भाषा भिनलेली आहे. ज्या पानांवर निळा दाटीने आहे तीच पानं पटकथा लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतात. तुमचे लेखातले उत्तम प्रसंग तिथेच मिळणार.

वाचून झाल्यावर प्रसंगांची यादी करा. एका प्रसंगाला एकच ओळ : पान, कुठे, कोण, काय बदललं. तीनशे पानांच्या कादंबरीत साधारण चाळीस ते साठ ओळी होतात. शंभराच्या वर गेल्या तर तुम्ही फार बारीक चिरताय. वीसच झाल्या तर प्रकरणांची नावं उतरवलीत.

आता एक छोटा हिशेब, जो जवळजवळ कोणीच करत नाही. कोणतंही एक भरलेलं पान नेहमीच्या वेगाने मोठ्याने वाचा आणि वेळ लावा. समजा दोन मिनिटं लागली. तीनशे पानांना सहाशे मिनिटं, म्हणजे दहा तास. सिनेमा दोन तासांचा, म्हणजे आवाजाच्या हिशेबात पुस्तकाच्या पाचव्या हिश्शाएवढी जागा. हा आकडा वहीत वर लिहून ठेवा. प्रसंग गाळले जाणारच हे एकदा आकड्यात दिसलं की ‘गाळलं’ ही तक्रार आपोआप गळते आणि ‘हेच का गाळलं, ते का ठेवलं’ हा खरा प्रश्न उरतो.

## ४. सिनेमा लावण्याआधी एक पान लिहा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, आणि टाळली की नंतर भरून काढता येत नाही. सिनेमा एकदा पाहिला की डोक्यातले चेहरे पुसले जातात. नटाचा चेहरा तिथे जाऊन बसतो आणि आधी आपण काय पाहत होतो ते आठवतच नाही.

म्हणून आधीच लिहा : मुख्य पात्र दिसतं कसं, आवाज कसा आहे, घर कसं, शाळेचा जिना कुठे. मग त्यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे खूण करा, ही पुस्तकातून आली की माझ्या पदरची आहे? पंचवटीत वाढलेला मुलगा ‘शाळा’ वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्याच शाळेचा व्हरांडा येतो, सुट्टीत पोरं जिथे घोळका करतात तो त्याच्याच गल्लीचा कोपरा असतो. सिनेमात दुसरंच गाव दिसलं की त्याला चुकल्यासारखं वाटतं. ते वाटणं खरं आहे, पण ती सिनेमाची चूक नव्हे. पुस्तकात तो व्हरांडा नव्हताच. ‘माझ्या पदरची’ अशी खूण असलेल्या गोष्टींवरून सिनेमाला दोष द्यायचा नाही, एवढा नियम पाळा.

सिनेमा आधीच पाहिलेला असेल तर उलटं करा. पुस्तक उघडण्याआधी सिनेमातलं आठवतं ते लिहून काढा आणि वाचताना जिथे चेहरा किंवा जागा जुळत नाही तिथे पान नोंदवा. ‘मी सिनेमा आधी पाहिला’ हे लेखातही सांगा. वाचक त्याबद्दल तुम्हाला कमी लेखणार नाही.

## ५. बघणं : एकदा सलग, एकदा थांबत

पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर किंवा टीव्हीवर, दिवे मालवून, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पुस्तक हातात नको. ‘आता ते येईल’ असं शेजाऱ्याला सांगायचं नाही. संपल्या संपल्या दहा मिनिटांत, कोणाशीही बोलण्याआधी, पाच ओळी : काय लक्षात राहिलं, कुठे लांबलं, कुठे गोंधळ झाला. गटात असाल तर प्रत्येकाने आपापल्या लिहून मगच तोंड उघडायचं. पहिला बोलणारा बाकीच्यांची मतं रंगवून टाकतो.

दुसऱ्यांदा वही घेऊन. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे सिनेमातली वेळ टाका, तास-मिनिट-सेकंद. पुस्तकात नसलेले प्रसंग वेगळ्या पानावर, तेही वेळेसकट. दोन तासांच्या सिनेमाला असं बघायला चार ते पाच तास लागतात. दोन बैठकांत विभागा. डोळे थकले की नोंदी ‘छान’, ‘ठीक’ अशा व्हायला लागतात आणि त्या पुढे कशालाच उपयोगी पडत नाहीत.

> सावध : परभाषेतल्या सिनेमाचे संवाद सबटायटलवरून उतरवू नका. सबटायटल जागेपुरतं आखूड केलेलं असतं. संवादावर लिहायचं असेल तर कानाने ऐकून लिहा, तीनदा.

## ६. कामाचा तक्ता

इथपर्यंतचं सगळं या पायरीसाठी होतं. जोडपानावर पाच रकाने आखा : पान, काय घडतं, पुस्तकातलं काम, सिनेमातली वेळ, ते काम आता कोणाकडे. सगळे साठ प्रसंग भरायचे नाहीत. दहा-बारा निवडा, त्यातले निम्मे निळ्या पट्टीचे.

‘काम’ म्हणजे काय, इथे सगळे अडखळतात. काय घडतं हे क्रियापदाने सांगता येतं : तो गेला, ती बोलली. काम सांगायला ‘त्यामुळे वाचकाला…’ असं वाक्य सुरू करावं लागतं. त्यामुळे वाचकाला कळतं की हा खोटं बोलतोय. त्यामुळे वाचकाला वेळ गेल्यासारखा वाटतो. तुमच्या तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीआधी हे दोन शब्द लावून बघा. वाक्य लंगडलं तर तुम्ही काम लिहिलेलं नाही, घटनाच पुन्हा लिहिली आहे.

आता दोन-तीन उदाहरणं जवळून.

‘द हंगर गेम्स’ मध्ये मुलांना रिंगणात सोडून मरेपर्यंत लढायला लावतात आणि तो खेळ सगळ्यांना दाखवतात. नायिका कॅटनिस त्या रिंगणात आपल्याच भागातल्या आजारी पीटाची शुश्रूषा करते, त्याचं चुंबन घेते, आणि थोड्या वेळाने वरून पॅराशूटने रश्श्याचं भांडं उतरतं. पुस्तकात भांड्यासोबत चिठ्ठी नसते. पाठवणारा हेमिच, म्हणजे रिंगणाबाहेरचा तिचा मार्गदर्शक, काय सुचवतोय, ते कॅटनिस स्वतः ताडते : प्रेम दाखव, खाणं मिळेल. सिनेमात त्याच भांड्यासोबत हेमिचची चिठ्ठी येते. काय घडतं हा रकाना दोन्हीकडे जवळपास सारखाच. काम मात्र बघा. पुस्तकात वाचकाला कळतं की ही मुलगी न लिहिलेलं वाचू शकते, आणि तेव्हाच शंका येते की हिचं प्रेम खरं किती आणि डाव किती. चिठ्ठी आली की प्रेक्षकाला अर्थ एका क्षणात पोचतो, पण ताडण्याची हुशारी कॅटनिसकडून हेमिचकडे जाते. या एका भांड्यावर दोन पानं लिहिता येतात, आणि त्यात ‘गाळलं’ हा शब्द एकदाही येत नाही.

त्याच कादंबरीत मॉकिंगजे पक्ष्याची सोनेरी पिन. पुस्तकात ती निरोपाच्या वेळी महापौरांची मुलगी मॅज कॅटनिसला देते. सिनेमात मॅजच नाही. कॅटनिसला पिन बाजारातल्या म्हातारीकडून मिळते, ती धाकट्या बहिणीला देते, आणि निरोपाच्या वेळी बहीण ती परत तिच्या हातात ठेवते. एक पात्र कमी झालं, बहिणींचं नातं घट्ट झालं. हा सौदा मला चांगला वाटतो. त्याची किंमत मात्र दुसऱ्या पुस्तकात कळते, जिथे त्या पिनचा मॅजच्या मावशीशी जुना संबंध निघतो. मालिकेतला मधलाच भाग घेऊ नका असं वर म्हटलं ते यासाठी.

आता घरचं उदाहरण. ‘श्यामची आई’मधली ‘थोर अश्रू’ ही रात्र. आंघोळ झालेला श्याम ओल्या पायांना माती लागेल म्हणून आईला लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरायला लावतो आणि त्यावर पाय देतो. मग आई त्याला सांगते की पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसाच मनालाही लागू नये म्हणून जप. इथे दोन कामं आहेत, आणि ती वेगळी लिहायची. पसरलेले ओचे हे डोळ्यांचं काम. शब्द नसले तरी कॅमेरा ते करू शकतो, त्याला आईचे हात आणि ओला धोंडा पुरतो. आईचं वाक्य हे कानांचं काम, आणि ते नाजूक आहे. पुस्तकात ते वाक्य मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री सांगत असतो. वाक्य आणि आपण यांच्यामध्ये एक आठवण उभी असते, सांगणाऱ्याचा गहिवर असतो, म्हणून तो उपदेश वाटत नाही. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली इथल्याच, नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं, आणि त्याच्या ४२ प्रकरणांना त्यांनी प्रकरणं म्हटलं नाही, रात्री म्हटलं. सांगणारा आणि ऐकणारे ही त्या पुस्तकाची चौकट आहे. तेव्हा दोन्ही सिनेमे बघताना पहिली नोंद हीच करा : मोठा श्याम कुठे आहे? तो कोणाला सांगतोय? त्याच्यावरून लहान श्यामवर किती वेळा येणं-जाणं होतं? चौकट सैल झाली की आईची तीच वाक्यं सरळ प्रेक्षकाच्या अंगावर येतात आणि त्यांचं वजन बदलतं.

> तपासा : शेवटच्या रकान्यात ‘कोणीच नाही’ असं तीनपेक्षा जास्त वेळा आलं का? मग सिनेमा पुन्हा बघा, या वेळी पात्रांकडे न बघता वस्तू, आवाज, कपडे आणि जागा यांच्याकडे. बहुतेक वेळा काम तिथे गेलेलं सापडतं. तरीही नाही सापडलं, तर तो तुमच्या लेखातला खरा मुद्दा.

## ७. सांगणारा कोण?

कुमारवयीन कादंबऱ्या पुष्कळदा ‘मी’च्या तोंडून येतात, आणि कॅमेरा ‘मी’ म्हणू शकत नाही. म्हणून निवेदकाची तपासणी स्वतंत्र करा. तीन गोष्टी मोजा.

एक, पाठीमागून येणारा निवेदनाचा आवाज एकूण किती मिनिटं आहे आणि कुठे कुठे. दोन, मुख्य पात्र हजरच नाही असे प्रसंग किती. ‘द हंगर गेम्स’च्या पुस्तकात आपण कॅटनिसच्या डोक्याबाहेर एकदाही जात नाही. सिनेमा मात्र खेळ चालवणाऱ्यांच्या नियंत्रण कक्षात जातो. रिंगणात आग कोण लावतं ते पुस्तकात अंदाजाने कळतं, सिनेमात डोळ्यांनी दिसतं. भीती कमी झाली की राग वाढला, ते तुम्ही ठरवा आणि कारण द्या.

तीन, वाचकाला कळतं पण निवेदकाला कळत नाही अशा जागा. ‘शाळा’तली आणीबाणी हे याचं उत्तम उदाहरण. नववीतल्या मुलाच्या कानावर पडेल तेवढीच ती पुस्तकात येते, तो ती समजावून सांगत बसत नाही, आणि मोठ्या वाचकाला त्या तुकड्यांतून बाकीचं दिसतं. सिनेमात ती माहिती कशी येते ते नोंदवा : रेडिओ, भिंत, वर्तमानपत्र, की मोठ्यांचं बोलणं? आणि ते ऐकणारा मुलगा चौकटीत, म्हणजे त्या क्षणी पडद्यावर, आहे की नाही? तो नसेल तर ती माहिती आता थेट आपल्यासाठी आहे.

## ८. एक प्रसंग भिंगाखाली

दहा-बारा प्रसंगांतून एक निवडा, सिनेमातली लांबी दोन ते चार मिनिटं. हा सेकंदासेकंदाने उतरवायचा.

‘श्यामचे पोहणे’ ही रात्र यासाठी फार चांगली. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने झोडपते आणि विहिरीकडे पाठवते. नंतर, तो पोहून आल्यावर, का मारलं ते मायेने सांगते. पुस्तकात मार आणि माया एकाच आठवणीत येतात. सिनेमात काठी उगारलेली दिसणार, म्हणजे दिग्दर्शकाला एक निर्णय घ्यावाच लागतो : फटका बसतो त्या क्षणी चौकटीत कोण? आई, श्याम, की दोघं? तुमच्या चित्रपटात प्रसंग शोधा आणि उतरवा.

कृती अशी. आवाज बंद करून एकदा बघा आणि प्रत्येक कटला, म्हणजे एक तुकडा संपून दुसरा लागतो तिथे, कागदावर एक रेघ मारा. कट मोजले की प्रत्येक तुकड्यापुढे लिहा : कोण दिसतं, किती जवळून, किती सेकंद. मग पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. संवाद, संगीत, पाण्याचा आवाज, शांतता, हे वेगळ्या रकान्यात वेळेसकट. शेवटी दोन्ही रकाने शेजारी ठेवा. संगीत कोणत्या चेहऱ्यावर सुरू होतं, सगळ्यात जास्त सेकंद कोणत्या चेहऱ्याला मिळाले, आणि कोण बोलत असताना कोणाचा चेहरा दिसतो, ही तीन उत्तरं मिळाली की दिग्दर्शकाने तो प्रसंग कोणाचा ठरवला ते कळतं. मग पुस्तकाचं पान काढा आणि तिथे तो कोणाचा होता ते बघा.

चार मिनिटांच्या प्रसंगाला दोन तास लागतात. पण अख्ख्या लेखात वाचकाला पटणारा पुरावा बहुधा हाच असतो.

## ९. लिहिणं

हजार ते बाराशे शब्दांत तीन प्रसंग मावतात, चौथा मावत नाही. तक्त्यातले बाकीचे वहीतच राहू द्या.

आधी एक वाक्य लिहा, तुमचं म्हणणं. मग त्याची परीक्षा घ्या : हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही पुस्तक-सिनेमाला लागू पडतं का? ‘पुस्तकात तपशील जास्त आहेत’ सगळ्यांना लागू पडतं, फेका. ‘सिनेमाने पात्रांना न्याय दिला नाही’ हेही फेका. ‘सिनेमाने कॅटनिसचं ताडणं हेमिचच्या चिठ्ठीत घातलं, म्हणून तिचा डाव कमी आणि आज्ञाधारकपणा जास्त दिसतो’ हे वाक्य दुसरीकडे कुठेच चालणार नाही. ते ठेवा. कोणी त्याच्याशी भांडू शकेल, आणि तसंच वाक्य हवं.

त्यानंतरचा क्रम :

१. तुमचं वाक्य आणि दोन्ही कृतींची ओळख, मिळून शंभर शब्द.
२. पहिला प्रसंग : आधी पान, मग वेळ, मग काम कुठून कुठे गेलं.
३. भिंगाखालचा प्रसंग, सगळ्यात जास्त जागा घेऊन.
४. तुमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा एक प्रसंग, प्रामाणिकपणे.
५. त्यामुळे तुमचं वाक्य किती बदललं ते.

चौथा मुद्दा सोडू नका. विरुद्ध पुरावा सापडलाच नाही, असं असेल तर तुम्ही तो शोधला नाही. आणि पाचव्यात वाक्य खरंच बदललं, तर मागे जाऊन पहिला परिच्छेद दुरुस्त करा. मुलं हे विसरतात आणि लेखाची दोन टोकं एकमेकांशी भांडत राहतात.

कथानक सांगायला वेगळा परिच्छेद नको. ज्या प्रसंगाबद्दल बोलताय तो कळायला लागेल तेवढंच, तिथल्या तिथे, दोन वाक्यांत.

## १०. नेहमीच्या चुका, आणि त्या का होतात

‘लेखकाला हा सिनेमा आवडला म्हणजे तो चांगला’ असं लिहिलं जातं. लेखकाची पसंती हा पुरावा नाही, तो कधी पटकथेत सहभागी असतो, कधी नसतो. श्रेयनामावली बघा आणि पटकथा कोणाची ते लेखात नोंदवा. अनेक जण सगळंच दिग्दर्शकाच्या नावावर टाकतात.

नटाच्या अभिनयावर अर्धा लेख जातो. अभिनयाबद्दल बोला, पण एका विशिष्ट क्षणाबद्दल, वेळ देऊन.

गटात पाच जणांनी पाच भाग वाटून घेतले की प्रत्येकाला एकच तुकडा माहीत असतो आणि पेरलेलं कुठे उगवलं ते कोणालाच दिसत नाही. वाचन वाटायचं नसतं. तक्ता भरणं वाटा. प्रती कमी असतील तर दोन प्रती आठवड्याने फिरवा, पण वाचायचं सगळ्यांनी सगळं.

आणि ‘आजच्या पिढीला आवडेल असं बदललं’ हे वाक्य. ते लिहिण्याआधी तुमच्या शेजारी बसलेल्या आजच्या पिढीतल्या दोघांना तो प्रसंग दाखवा आणि विचारा.

## ११. देण्याआधी

लेख दोन माणसांना वाचायला द्या : एक, ज्याने फक्त सिनेमा पाहिला आहे, दुसरा, ज्याने फक्त पुस्तक वाचलं आहे. पहिल्याला विचारा, ‘पुस्तकातला प्रसंग डोळ्यांसमोर आला का?’ दुसऱ्याला विचारा, ‘सिनेमात कोण चौकटीत होतं ते कळलं का?’ दोघांपैकी जो गोंधळेल त्याच्या बाजूचा पुरावा कच्चा आहे. त्या प्रसंगाचं पान किंवा वेळ काढा, पुन्हा बघा, आणि तेवढाच परिच्छेद नव्याने लिहा.